जुन्या स्त्री-मासिकांतला नाताळ: जाहिराती आणि भेटवस्तूंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी स्त्री-मासिकांचे जुने डिसेंबर अंक आधी चित्रांसाठी चाळले जातात. मग हळूहळू प्रश्न पडू लागतात. भेट कुणी कुणाला द्यायची, ती कुणी करायची, पैसे कुणी मोजायचे आणि या सगळ्या धांदलीत घरातल्या बाईच्या वाट्याला काय यायचं? हे पान अशाच प्रश्नांसाठी आहे. इथे 'जुनी' म्हणजे साधारण १८५० ते १९६० या काळातली, मुख्यतः अमेरिकेतली आणि थोडी ब्रिटनमधली मासिकं.

नेमकी कोणती मासिकं?

अमेरिकेत 'गोडीज लेडीज बुक' हे सगळ्यांत वडीलधारं. ते १८३० साली फिलाडेल्फियात निघालं आणि १८३७ पासून चाळीस वर्षं त्याचं संपादन सारा जोसेफा हेल या बाईंनी केलं. पुढे 'लेडीज होम जर्नल' (१८८३), 'गुड हाउसकीपिंग' (१८८५), 'मॅकॉल्स', 'डेलिनिएटर' आणि 'वुमन्स होम कम्पॅनियन' आली. यांतली 'मॅकॉल्स' आणि 'डेलिनिएटर' ही मुळात कपडे बेतण्याचे कागदी नमुने खपावेत म्हणून काढलेली होती. १९३७ साली सुरू झालेलं 'वुमन्स डे' तर एका किराणा दुकानांच्या साखळीचं, त्याच दुकानांत मिळणारं. ब्रिटनमध्ये 'वुमन्स वीकली' (१९११), 'वुमन्स ओन' (१९३२) आणि 'वुमन' (१९३७) या साप्ताहिकांचा मोठा वाचकवर्ग होता.

सजवलेलं नाताळचं झाड या मासिकांनी लोकप्रिय केलं, हे खरं का?

बऱ्याच अंशी खरं. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स आल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र आलं. 'गोडीज'ने तेच चित्र डिसेंबर १८५० मध्ये छापलं, पण त्याआधी राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढला आणि आल्बर्टची मिशी व छातीवरचा पट्टा पुसून टाकला. राजघराण्याच्या जागी एक सुखवस्तू अमेरिकन कुटुंब उभं राहिलं. १८६० साली ते चित्र पुन्हा छापलं गेलं. जर्मन वस्त्यांमध्ये झाडाची प्रथा त्याआधीपासून होतीच, पण ती 'आपल्याही' दिवाणखान्यात शोभेल असं मध्यमवर्गीय वाचकिणींना या चित्राने दाखवलं. पुढच्या शंभर वर्षांच्या जाहिरातींनी हेच तंत्र वापरलं. दुसऱ्याच्या घरातलं सुख वाचकिणीला स्वतःचं वाटेल इतपत बदलून दाखवायचं.

भेटवस्तूंच्या कल्पना म्हणून काय सुचवलं जायचं?

एकोणिसाव्या शतकात जवळजवळ सगळं हाताने केलेलं. वडिलांसाठी आणि भावांसाठी लोकरीच्या टाक्यांनी भरलेल्या सपाता. भरतकाम मुलीने करायचं आणि तळ बसवायला चांभाराकडे द्यायचं. टाक-दौतीच्या जमान्यात निबावरची शाई पुसायला कापडाच्या गोल चकत्या एकावर एक शिवून फुलासारखी पुसणी करायची. पलंगाच्या उशाशी टांगायला घड्याळाची पिशवी, म्हणजे रात्री खिशातलं घड्याळ काढून त्यात ठेवता येईल. धूम्रपान करताना पुरुषांनी घालायची टोपी, सुयांचं पुस्तक, टाचणीची गादी, सुट्या कॉलर ठेवायचा डबा, लॅव्हेंडरची पुरचुंडी.

हे भरतकाम चौकटीच्या कागदावर रंगवलेले नमुने पाहून, घरं मोजत करायचं. आपल्याकडे दोसुतीवर राजहंस आणि मोर भरलेले ज्यांनी घरात पाहिले आहेत, त्यांना हे काम ओळखीचं वाटेल.

मला हे विभाग जाहिरातींपेक्षा जास्त आवडतात, कारण त्यांत बाईच्या वेळेचा हिशेब दिसतो. भरतकामाचे नमुने डिसेंबरच्या अंकात देऊन उपयोग नसायचा. अंक हातात पडून काम पुरं होईपर्यंत सण निघून जाई. म्हणून मोठी कामं आधीच्या अंकांत आणि डिसेंबरात पटकन होणाऱ्या वस्तू अशी वाटणी असे. सपातांची जोडी म्हणजे कित्येक संध्याकाळचं काम. घरात सहा-सात माणसं, शिवाय दीर-नणंदा, शिक्षिका, शेजारीण. नाताळ एका सकाळी उजाडायचा, पण त्याची तयारी ऑक्टोबरपासून कुणाच्या तरी मांडीवर चाललेली असायची. आणि ती कामं अनेकदा लपवून करायची, कारण ज्याच्यासाठी करायचं तो त्याच घरात राहत असे.

मग विकतच्या भेटवस्तू कधी आल्या?

एका वर्षात झालेला बदल नाही हा. साधारण १८९० ते १९२० या तीस वर्षांत पारडं फिरलं.

त्याचं मोठं कारण मासिकांच्या अर्थकारणात आहे. 'लेडीज होम जर्नल'चे मालक सायरस कर्टिस यांनी वर्गणी कमी ठेवली आणि खर्च जाहिरातींतून भागवला. १९०३ च्या सुमारास या मासिकाचे वर्गणीदार दहा लाखांवर गेले. इतक्या घरांत एकाच वेळी पोहोचणारी साधनं तेव्हा फार थोडी होती, त्यामुळे कोडॅकपासून चांदीच्या काट्या-चमच्यांपर्यंत सगळे कारखानदार डिसेंबरच्या पानांसाठी रांगेत उभे राहिले. कोडॅकचंच पाहा. १९०० साली एका डॉलरचा 'ब्राउनी' कॅमेरा आला. नाताळच्या जाहिरातींचा सांगावा सोपा होता: सण घरात साजरा होणार, मुलं झाडाजवळ जमणार, तो क्षण टिपायचा तर कॅमेरा आधी घरात हवा. एकाच वस्तूत भेटही आली आणि भेटींच्या आठवणीही.

हाताने केलेली वस्तू मात्र लगेच गेली नाही. काही वर्षं दोन्ही शेजारी-शेजारी नांदल्या. एकाच अंकात रुमालाला लेस कशी लावायची याची कृती असे आणि दोन पानं पुढे तयार रुमालांच्या पेटीची जाहिरात. मग कृती छोट्या होत गेल्या. सपातांच्या जागी पुरचुंड्या आल्या, पुरचुंड्यांच्या जागी 'विकत घेतलेली वस्तू सुंदर कशी बांधावी' हे लेख आले.

या बांधण्याचीही एक गोष्ट आहे. १९१७ च्या नाताळात कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला पांढरा, लाल, हिरवा पातळ कागद संपला. त्यांनी पाकिटांच्या आत अस्तर म्हणून लावायचा नक्षीदार फ्रेंच कागद दहा सेंटला एक ताव या दराने विकायला ठेवला आणि तोही हातोहात खपला. हीच कंपनी पुढे हॉलमार्क झाली. १९३० साली पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आली आणि मग तिच्याही नाताळी जाहिराती सुरू झाल्या. वस्तू विकतची आणि घरचा हात वेष्टनावर, अशी ती तडजोड होती.

लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे कसं ओळखायचं?

कठीण आहे, आणि ते मुद्दाम कठीण केलेलं होतं. 'लेडीज होम जर्नल'चे संपादक एडवर्ड बोक यांच्या काळात कथा-लेखांची शेपटं मागच्या पानांवर, जाहिरातींच्या मध्ये नेण्याची पद्धत रुळली. कथा पुरी करायची तर साबण, सूप आणि गालिचे यांच्यामधून वाट काढावी लागे. लेखासारख्या दिसणाऱ्या पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर 'जाहिरात' असं स्पष्ट लिहिण्याचं बंधन अमेरिकेत १९१२ च्या कायद्याने आलं. भेटवस्तूंच्या याद्या मात्र त्यातून सुटल्या. यादी संपादकीय, पण तिच्यातल्या वस्तू त्याच अंकात जाहिरात देणाऱ्यांच्या, असं पुष्कळदा दिसतं. यादीतली नावं आणि त्याच अंकातल्या जाहिराती ताडून पाहा, लगेच उमगतं.

न्यायाने हेही सांगायला हवं की याच मासिकांनी काही जाहिराती स्वतःहून नाकारल्या. 'लेडीज होम जर्नल'ने १८९२ पासून रामबाण म्हणून खपवल्या जाणाऱ्या औषधांच्या जाहिराती बंद केल्या. 'गुड हाउसकीपिंग'ने १९०० साली स्वतःची प्रयोगशाळा उघडली आणि १९०९ पासून तपासलेल्या वस्तूंना आपला शिक्का द्यायला सुरुवात केली.

बायकोला नाताळात व्हॅक्यूम क्लीनर देण्याच्या जाहिराती खरंच होत्या, की ते आत्ता तयार केलेले विनोद आहेत?

खऱ्या होत्या आणि भरपूर होत्या. हूव्हरची १९५३ च्या सुमाराची जाहिरात सर्वांत जास्त फिरते: नाताळच्या सकाळी आणि पुढे कायमच ती हूव्हरमुळे अधिक सुखी असेल, असा तिचा आशय. पण ही कल्पना त्याहून खूप जुनी. बिसेल कंपनी विजेविना चालणारे गालिचे झाडायचे यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासूनच नाताळची भेट म्हणून खपवत होती, आणि गंमत म्हणजे १८८९ पासून त्या कंपनीचा कारभार ॲना बिसेल ही बाई पाहत होती. १९२० नंतर विजेची इस्त्री, टोस्टर, कॉफीचं भांडं आणि १९३० पासून सनबीमचा मिक्सर यांची रांग लागली. ओव्हनमध्ये चालणाऱ्या पायरेक्सच्या काचभांड्यांचे संच लाल फिती बांधून दाखवले जात.

या जाहिरातींवर आज हसणं सोपं आहे. मला ते पटत नाही. जिने दर वसंतात जड गालिचे अंगणात ओढून नेऊन काठीने बडवले, कोळशावर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या आलटून-पालटून वापरल्या, तिला विजेची इस्त्री हवीशी वाटणं अगदी स्वाभाविक होतं. तिचं मागणं खरं होतं.

खोट वेगळ्या जागी आहे. कुठलाही डिसेंबर अंक घ्या आणि 'त्याच्यासाठी' व 'तिच्यासाठी' अशा दोन याद्या वेगळ्या मांडा. त्याच्या यादीत फाउंटन पेन, घड्याळ, टाय, दाढीचं सामान, तंबाखूची पेटी. सगळं त्याच्या अंगावर किंवा खिशात राहणारं. तिच्या यादीत जे महागडं, ते घराच्या कामाचं. तिला मिळालेली भेट सकाळी नऊला उघडली जाई आणि दहाला त्याच भेटीने सगळ्यांसाठी नाश्ता केला जाई. शिवाय यंत्रांनी कष्ट हलके केले तरी तास तितके घटले नाहीत. स्वच्छतेची अपेक्षा वाढली, पूर्वी बाहेर जाणारं किंवा मोलकरीण करायची ते काम घरच्या बाईवर आलं. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी हे सविस्तर मांडलं आहे.

तिच्या स्वतःच्या अशा वस्तूही होत्या: पावडरीचा डबा, हातमोजे, मोजे, अत्तर. १९२८ साली आलेलं 'इव्हनिंग इन पॅरिस' निळ्या बाटलीतलं, औषधांच्या दुकानातही मिळणारं, त्यामुळे मुलंसुद्धा पैसे साठवून आईसाठी घेऊ शकत. अशी एक बाटली एखाद्या अंकात दिसली की मला बरं वाटतं.

आणि ही जाहिरातींची भाषा केवळ पुरुषांनी घडवली असंही समजू नये. न्यूयॉर्कच्या जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीत हेलन लॅन्सडाउन रेझर यांच्या हाताखाली स्त्री-लेखिकांचा स्वतंत्र विभागच होता. मार्च १९७० मध्ये मात्र सुमारे शंभर स्त्रियांनी 'लेडीज होम जर्नल'च्या कार्यालयात अकरा तास ठिय्या दिला, आणि मासिकाने आपल्याला काय दाखवलं याचा जाब तिथे विचारला.

लाल कोटातला सांता कोका-कोलाने तयार केला का?

नाही. थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने १८६३ पासून त्याला आकार दिला होता, आणि लाल कोट कोका-कोलाच्या आधीही छापला जात होता. १९३१ पासून १९६४ पर्यंत हॅडन सनब्लॉम यांनी कोका-कोलासाठी काढलेल्या चित्रांनी ते गुबगुबीत, माणसाळलेलं रूप जगभर पक्कं केलं. ही चित्रं 'लेडीज होम जर्नल'मध्येही येत.

नाताळच्या अंकातून एखादं खेळणं जन्माला आलं का?

हो, क्यूपी. रोझ ओनील या चित्रकर्तीने गुबऱ्या गालांची, डोक्यावर एकच शेंडी असलेली ही बाळं 'लेडीज होम जर्नल'च्या डिसेंबर १९०९ च्या अंकात पहिल्यांदा काढली. काही वर्षांतच जर्मनीत त्यांच्या बाहुल्या घडू लागल्या आणि बाजारात आल्या. एका चित्रकर्तीची मासिकातली चित्रं दुकानांतल्या फळ्यांवर पोहोचली आणि तिने त्यावर चांगला पैसाही मिळवला. या क्षेत्रातली ही मला सर्वांत आनंदाची गोष्ट वाटते.

सिगारेटच्याही नाताळी जाहिराती होत्या ना?

होत्या. सिगारेटची अख्खी पेटी नाताळी वेष्टनात येई, वर नाव लिहायला जागाही छापलेली असे. चेस्टरफील्डच्या अशा एका जाहिरातीत तेव्हाचे नट आणि पुढचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन आहेत. 'गुड हाउसकीपिंग'ने १९५२ साली सिगारेटच्या जाहिराती घेणं थांबवलं, धूम्रपानावरचा सरकारी आरोग्य-अहवाल येण्याच्या बारा वर्षं आधी.

दुसऱ्या महायुद्धात या पानांचं काय झालं?

पानं दोन्ही देशांत बदलली, पण फार वेगळ्या तऱ्हेने.

अमेरिकेत कारखाने युद्धसामग्री बनवत होते, त्यामुळे कित्येक कंपन्यांकडे विकायला मालच नव्हता. तरी त्या जाहिराती देत राहिल्या: आज आमची वस्तू मिळणार नाही, युद्धरोखे भेट द्या, विजयानंतर घ्या. १९४० साली देशभर विक्रीला आलेले नायलॉनचे मोजे दोनच वर्षांत पॅराशूटसाठी गेले. परदेशातल्या सैनिकांना नाताळचं पार्सल पाठवायचं तर १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर एवढीच मुदत आणि वजन पाच पौंडांपर्यंत. मग काय टिकेल, काय फुटणार नाही, ओलसर छावणीत कशाला बुरशी येणार नाही, याची चर्चा उन्हाळा सरता सरताच सुरू होई.

ब्रिटनमध्ये कागदच रेशनवर होता. मासिकं बारीक झाली, दुकानदारांना बहुतेक वस्तू गुंडाळून देण्याची मनाई होती आणि जून १९४१ पासून कपड्यांना कूपन लागू लागलं. हाताने केलेली भेट तिथे पुन्हा मध्यभागी आली, पण नाइलाजाने. जुना स्वेटर उसवून त्याच लोकरीची बाहुली, पडद्याच्या तुकड्यांचा ससा, फाटक्या चादरीचे रुमाल. मिठाईवरचं रेशन फेब्रुवारी १९५३ पर्यंत उठलं नाही, म्हणून युद्ध संपल्यानंतरच्या अंकांतही या कृती सापडतात. या पानांवरची चित्रं साधी, कागद हलका. पण वाचकीण आणि मासिक यांच्यात इतका सरळ संवाद मला दुसऱ्या कुठल्याही काळात दिसत नाही.

या सगळ्या देण्याघेण्याला कुणी विरोध केला का?

केला, आणि तोही बायकांनीच. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये एलेनॉर बेलमाँट आणि ॲन मॉर्गन यांनी निरुपयोगी भेटींना आळा घालणारी संस्था काढली. मुळातला त्रास दुकानांत काम करणाऱ्या मुलींचा होता. वरिष्ठांना भेट देण्यासाठी त्यांच्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी उकळली जाई. थिओडोर रूझवेल्टही या संस्थेचे सदस्य झाले. त्याआधीपासून फ्लोरेन्स केली आणि ग्राहक चळवळीतल्या स्त्रिया 'खरेदी लवकर उरका' असं सांगत होत्या, कारण शेवटच्या आठवड्यातल्या गर्दीत काउंटरमागच्या मुली रात्री उशिरापर्यंत उभ्या राहत. व्यापाऱ्यांनी पुढे हेच वाक्य उचललं आणि विक्रीचा हंगाम वाढवायला वापरलं.

या पानांवर कोण दिसत नाही?

गोऱ्या मध्यमवर्गाबाहेरचं जवळजवळ कुणीच. कृष्णवर्णीय माणसं दिसतात ती हसतमुख स्वयंपाकीण किंवा वाढपी म्हणून, दुसऱ्याच्या सणाला राबताना. शेतावरची बाईही नाही: १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या दहातल्या सुमारे एकाच शेतघरात वीज होती, म्हणजे विजेच्या टोस्टरची जाहिरात तिच्या घरी येई, पण तिला तो लावायला जागा नव्हती. सुंदर चित्रं पाहताना हे लक्षात ठेवायला हवं.

मराठी वाचकांशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि थेट आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली काढला. इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ विशेषांकांवरून त्यांना ही कल्पना सुचली, असं दिवाळी अंकांच्या इतिहासात सांगितलं जातं. सण, जाडजूड अंक, रंगीत मुखपृष्ठ आणि जाहिरातींचा मोठा आधार हा सांगाडा तिथला. साहित्य मात्र आपण त्यात असं भरलं की आज तो पूर्णपणे मराठी प्रकार झाला आहे. १९३० साली सुरू झालेल्या किर्लोस्करांच्या 'स्त्री' मासिकाचे जुने अंक घरात असतील, तर त्यातल्या जाहिराती इंग्रजी मासिकांशेजारी ठेवून जरूर पाहा.

दुसरा धागा मुंबईतला. काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही इमारत अजून उभी आहे. लंडनच्या या दुकानाने १८९१ साली मुंबईत शाखा उघडली. इथल्या इंग्रज कुटुंबांचा नाताळ बराचसा अशा दुकानांवर आणि त्यांच्या जाड सूचिपत्रांवर चाले.

यातलं आज घरी काय करता येईल?

सुयांचं पुस्तक सर्वांत सोपं: लोकरी कापडाची दोन-तीन पानं, वर जुन्या साडीच्या काठाचं आवरण, एक बंद. घरच्या पाककृती स्वतःच्या अक्षरात लिहिलेली वहीही या मासिकांची आवडती सूचना होती आणि ती आजही कुणाला नकोशी होणार नाही. संत्र्यात लवंगा टोचून सुगंधी गोळा करण्याची कृती वारंवार भेटते, पण ती कोरड्या थंड हवेची. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरात जमून जाते, कोकणात किंवा मुंबईत संत्र्याला बुरशी धरते. तिथे वाळा आणि लवंगांची पुरचुंडी करावी.

एक सावधगिरीची गोष्ट. लेन कंपनीच्या देवदारी पेट्यांच्या जाहिराती फार मोहक आहेत, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकांकडे तशी जुनी पेटी असू शकते. १९८७ पर्यंतच्या पेट्यांचं कुलूप झाकण पडताच आपोआप लागतं आणि आतून उघडत नाही. त्यात मुलं गुदमरून दगावल्यावर कुलपं बदलून देण्याची मोहीम निघाली. घरात लहान मूल असेल तर आधी ते कुलूप काढा.

हे अंक पाहायला कुठे मिळतील?

इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयांत 'गोडीज' आणि 'लेडीज होम जर्नल'चे खूप जुने अंक पूर्ण वाचता येतात. नुसत्या जाहिराती हव्या असतील तर ड्यूक विद्यापीठाच्या 'ॲड ॲक्सेस' संग्रहात १९११ ते १९५५ या काळातल्या सात हजारांहून अधिक आहेत. अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षं झालेला मजकूर स्वामित्वहक्कातून मोकळा होतो. त्यानंतरचं चित्र छापायचं असेल तर आधी हक्क तपासा.

शक्य असेल तेव्हा अख्खा अंक पाहा. कापून विकलेलं एकच पान सुंदर दिसतं, पण त्याच्या पाठीमागे कुठली कथा होती आणि शेजारी कोणती कृती होती, हे त्यातून कळत नाही.

माझ्याकडे असे काही अंक आहेत. ते कसे सांभाळू?

बहुतेकांचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लयुक्त, म्हणून पिवळा पडून कडा तुटतात. लॅमिनेशन अजिबात करू नका, ते परत निघत नाही. साधी चिकटपट्टी लावू नका. आम्लरहित कागदाच्या पाकिटात आडवे ठेवा, उभे ठेवले की मोठ्या आकाराचे अंक स्वतःच्या वजनाने वाकतात. पावसाळ्यात भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. कसर लागली असेल तर तो अंक आधी बाकीच्यांपासून वेगळा काढा. डांबरगोळ्या कागदाला थेट टेकू देऊ नका. आणि पानांचे फोटो काढून ठेवताना जाहिरातींची मागची पानंही वगळू नका.